पुढचा चेंडू पडेपर्यंत

फक्कीचा वास आला की माझ्या तोंडाला अजूनही कोरड पडते. पन्नाशी उलटली, मैदानं आखता आखता निम्मा जन्म गेला, तरी हे काही गेलं नाही. पोळा होऊन जातो, शाळाशाळांचे संघ पिशव्या घेऊन मैदानावर यायला लागतात, कुणीतरी घमेल्यातून फक्कीची पहिली पांढरी रेघ ओढतं, आणि मी सोळा वर्षांची होऊन लातूरच्या एका मैदानावर उभी असते. जीभ टाळूला चिकटलेली असते. सांगायचं असतं ते सांगता येत नसतं.

यंदाही तसंच झालं. मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धेसाठी पंच म्हणून मी नांदेडहून लातूरला आले होते. भाद्रपद लागला होता, पण आभाळ वैशाखासारखं पांढरंफटक. येताना एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं, तर सोयाबीन उभ्या उभ्या पिवळं पडून चाललं होतं आणि रस्त्याकडेला टँकर दिसायला लागले होते. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं. पोरी धावल्या की धुळीचा लोट उठायचा आणि मागे कोण, पुढे कोण काही कळायचं नाही. बरोबरचे तरुण पंच कुरकुर करत होते. मी म्हटलं, सवय करा बाबांनो, मी हा खेळ शिकले तोच अशा धुळीत.

लोकांना वाटतं, पंचाचं काम बोलण्याचं. आमच्या घरातही तोच समज आहे. माझा नवरा म्हणतो, हिचं सगळं बोलणं घरी उरकतं म्हणून मैदानात गप्प राहता येतं. त्याच्याशी वाद नाही. पण पंचाची खरी परीक्षा गप्प राहण्यातच असते आणि ती सगळ्यात जास्त लागते ती अपीलच्या वेळी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. फटका मारून धावणारीनं एकामागून एक तीन बेस शिवायचे आणि घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी परत यायचं. की झाली एक धाव. आता समजा, धावता धावता एखादा बेस शिवायचा राहिला. पंचाला ते दिसलं. तरी पंच बोलत नाही. भुवईसुद्धा हलवत नाही. समोरच्या संघातल्या कुणीतरी चेंडू हातात घेऊन तो चुकलेला बेस शिवायचा आणि पंचाला सांगायचं, की अमुक मुलगी अमुक बेसला चुकली. कोण आणि कुठं, दोन्ही नीट सांगावं लागतं. मग पंच निकाल देतो. हे सगळं पुढचा चेंडू टाकायच्या आत. कुणीच बोललं नाही आणि पुढचा चेंडू पडला, की विषय संपला. धाव कायम.

पंचांच्या वर्गात हा नियम शिकवला की दरवर्षी एक तरी हात वर होतोच. "मॅडम, आपण डोळ्यांनी पाहिलेलं असताना गप्प बसायचं? हा अन्याय नाही का?" या प्रश्नाचं उत्तर मला चांगलं देता येत नाही. उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते नियमाच्या पुस्तकातलं नाही. ते एका पाण्याच्या टाकीजवळ मिळालेलं आहे.

त्या साली लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या कोऱ्या होत्या. आधी कुठल्याही कागदाला उस्मानाबादेला पळावं लागायचं, ते आता गावातच आलं होतं, म्हणून लातूरची माणसं घरून निघून चार गल्ल्या ओलांडल्या तरी "जिल्ह्याला चाललोय" असं ऐटीत सांगायची. थट्टा करावी असं काहीच नाही त्यात. नवं घर बांधलेला माणूसही पहिले काही दिवस उगाच दारात उभा राहतोच. पण जिल्हा नवा आला आणि पाऊस पळाला, अशी त्यांची गत झाली होती.

आमच्याकडे नांदेड जिल्ह्यात, मुदखेडला तरी काय वेगळं होतं! माझे वडील, अप्पा, रेल्वेत पॉइंट्समन होते. आमच्या गावच्या मळ्यांतला गुलाब आणि गलांडा एरवी पाटीपाटीनं गाडीत चढायचा, आणि गाडी निघून गेली तरी फलाटाला वास राहायचा. त्या साली पाणी झाडांना घालायचं की माणसांना, असा प्रश्न पडला आणि मळेवाल्यांनी झाडं सोडून दिली. आमच्या वस्तीतली विहीर दिवाळीआधीच तळाला गेली होती. मी बादली घेऊन टँकरची वाट बघायची आणि उरलेल्या वेळात सॉफ्टबॉल खेळायची.

हा खेळ आमच्या शाळेत शिंदे बाईंनी आणला. संघात चांगल्या खेळणाऱ्या मुली बऱ्याच होत्या, त्यांत मीही होते. चेंडू माझ्या हातातून सहसा सुटायचा नाही. अडचण फक्त तोंडाची होती. मी बोलायची नाही. हजेरीला 'हजर' म्हणायची ती बाकावर टकटक करून. सर, बाई, पोस्टमन, डॉक्टर, कुणीही मोठं माणूस समोर आलं की माझा आवाज पोटात जाऊन बसायचा. लातूरला निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "सुनंदा, दुसऱ्या बेसवर बोलणारी मुलगी लागते. सगळ्या मैदानाला तिनं ओरडून सांगायचं असतं. लातूरला तोंड उघडलं नाहीस, तर परत आल्यावर तुझी जागा दुसरीला देईन. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हटल्यावर तर फारच वाईट वाटलं. कारण नुसती बेसची जागा नव्हती ती. नव्या जिल्ह्याचं नाव त्या वर्षी स्पर्धेच्या यादीत चढायचं राहून गेलं होतं, म्हणून नांदेडचा, म्हणजे आमचा, आणि लातूरचा संघ यांतून एकच पुढे जाणार होता. दोघांनी दोन सामने खेळायचे, एकेक जिंकला तर तिसरा. जो संघ जिंकेल तो औरंगाबादला, तिथून जमलं तर राज्यावर. आणि राज्यावर खेळलेल्या मुलीला पुढे शिकायला वसतिगृहात जागा मिळायची, नोकरीत खेळाडू म्हणून अर्ज करता यायचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी मुलगी गेली नव्हती. मला जायचं होतं.

लातूरला पोचलो तर मैदानावर एक बेस कमी. कॅनव्हासचे तीन असायला हवे होते, दोनच सापडले. मग यजमान शाळेच्या शिपायानं मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, एक रिकामं पोतं आणलं, त्यात तुरीचं भुसकट भरलं, तोंड शिवलं आणि चापटून चापटून दुसऱ्या बेसच्या जागी ठेवलं. दुपारच्या सुट्टीत एका गाईनं येऊन त्याचा एक कोपरा उसवलाही. दुष्काळात चारा म्हणजे चारा, तिला बिचारीला बेस काय ठाऊक. पुन्हा सुतळीनं शिवून घेतलं. तेच पोतं माझ्या वाट्याला आलं.

पहिल्या सामन्यात आम्ही बरोबरीत होतो. शेवटच्या डावात लातूरची फलंदाजी आधी होती. नऊ नंबरची एक उंच, काळीसावळी मुलगी खेळायला आली. मंगल तिचं नाव, हे मला नंतर कळलं. तिनं चेंडू असा लांब मारला की आमच्या दोन मुली त्याच्यामागे धावत गेल्या. ती पहिला बेस शिवून माझ्याकडे आली. पोत्यापाशी आली आणि तिनं उडी मारली. दारातल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून मारतात तशी, चांगली उंच. पोत्याला तिचा अंगठाही लागला नाही. ती पुढे तिसऱ्यावर गेली, तिथून घरी. लातूरच्या पोरी नाचायला लागल्या.

चेंडू माझ्या हातात आला होता. पोतं माझ्या पायाशी होतं. चार पावलांवर पंच उभे होते, परभणीचे कदम सर. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मला एवढंच करायचं होतं. वाकायचं, पोतं शिवायचं आणि म्हणायचं, सर, अपील. नऊ नंबर, दुसरा बेस. बाईंनी घोकून घेतलं होतं ते. सगळे शब्द घशापर्यंत आले, तिथून पुढे येईनात. आमची पिचर रेहाना हात पुढे करून ओरडली, "दे की गं चेंडू, काय धरून राहिलीस!" मी दिला. तिनं टाकला. पुढचा चेंडू पडला.

आमच्या डावात आमची धाव झाली नाही. त्या एका धावेनं आम्ही हरलो.

नंतर कितीतरी वर्षं मी हा प्रसंग सांगताना म्हणत आले, की मला त्या मुलीची दया आली म्हणून मी बोलले नाही. साफ खोटं. दया मी मागाहून चिकटवली. मी घाबरले होते, बस्स.

संध्याकाळी शाळेच्या टाकीत टँकरनं पाणी सोडलं. आम्ही वर्गखोल्यांत उतरलो होतो, तर बादल्या घेऊन टाकीपाशी रांगेत उभ्या राहिलो. यजमान मुलींना पाणी वाढायचं काम दिलं होतं. मंगल डबा बुडवून बादल्या भरत होती. माझा नंबर आला तशी ती हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

"तू बगितलंस न्हवं?" ती म्हणाली.

"काय?"

"सोंग नको करू. माजा पाय लागला न्हाई. तू बगितलंस. मग बोलली का न्हाईस?"

मी उलट विचारलं, "तू उडी कशापायी मारली?"

तिनं डबा टाकीच्या कठड्यावर ठेवला. "आगं, मोंढ्यातलं पोतं हाय त्ये. शिवणीत तुरीचं दाणं अडकल्यात आजून. माजी आई मोंढ्यात झाडलोट करती, सांडल्यालं मातेरं घरी आणती. त्येच निवडून, धुऊन आमच्याकडं शिजतंय यंदा. शाळेत आमी फक्कीच्या चौकोनावर खेळलाव हमेशा. पोतं पैल्यांदाच बगितलं. डोस्क्यात काय यायच्या आदीच पाय उचलला गेला बग."

मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर. पण सुपाला नाहीतर धान्याच्या पोत्याला पाय लागला तर आई पाठीत धपाटा घालायची आणि हात लावून कपाळाला लावायला सांगायची. त्या दिवशी दिवसभर मी त्याच पोत्याशेजारी उभी होते, पण पाय ठेवायची वेळ आली की टाच कडेला टेकवून भागवत होते. मला वाटत होतं, ते कुणाला दिसत नाही.

"मग उद्या गं?" मी विचारलं.

"उद्याबी उडी पडंल. सवयच हाय ती, मी काय करू? तू सांग की पंचाला."

"म्या? ते सर हायत."

"सर हायत म्हणून खातेत व्हय? माजी आई मापाड्यालाबी बोलती, माप मारू नको म्हणून. हमाल सुद्दा बगत ऱ्हातेत." तिनं माझी बादली काठोकाठ भरली. तेवढ्यात पितळेचा तांब्या घेऊन कदम सरच रांगेशी आले. मंगलनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "सर, हिला एक इचारायचंय."

मला तिथल्या तिथे टाकीत उडी टाकावीशी वाटली. सर थांबले. त्यांनी 'काय बाळ' म्हटलं नाही, 'विचार विचार' म्हटलं नाही. नुसते थांबले. त्यांना काही घाई नव्हती. रांगेतल्या पोरी कुजबुजायला लागल्या, तरी ते तसेच. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "सर, पंचाला दिसलं, तर पंच सांगत का न्हाई?"

सरांनी तांब्या पुढे केला, मंगलनं तो भरला. मग ते म्हणाले, "मी सांगून टाकलं, तर मग तो खेळ माझा झाला. तुमचा कुठं राहिला? म्हणून मी सांगत नाही. मी उभा राहतो. दोन्ही हात मोकळे ठेवून, उत्तर तयार ठेवून. कुणी विचारलं तर द्यायला पाहिजे ना लगेच." दोन पावलं गेले आणि वळले. "पण कधी कधी काय होतं पोरी, कुणी विचारतच नाही. मग ते उत्तर तसंच घरी न्यावं लागतं. त्याचं लई वाईट वाटतं मला."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. चार पावलांवर ते माझ्यासाठी थांबलेले होते आणि मी त्यांच्या कोऱ्या चेहऱ्याला घाबरले होते. "सर, आजचं..." मी म्हटलं.

"आजचं गेलं," ते म्हणाले. "पुढचा चेंडू पडला."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. फक्कीच्या रेघा आखेपर्यंत पुसल्या जात होत्या. पुन्हा बरोबरी, पुन्हा शेवटचा डाव, पुन्हा लातूरची फलंदाजी आधी. मंगल पहिल्या बेसवर होती. तिच्या मागच्या मुलीनं चेंडू मारला आणि मंगल निघाली. मी आधीपासून पोत्यावर डोळे लावून बसले होते. या वेळी तिनं उडी मारली नाही. पळता पळता ती वाकली, उजवा हात पोत्याकडे लांब केला, तोच हात कपाळाला लावला आणि तशीच तिसऱ्याकडे सुटली. तिथून घरी. मागची मुलगी पहिल्या बेसवर थांबली.

हातानं शिवलं तरी चालतं, नियमच आहे तो. तिनं रात्रीत मोठी छान युक्ती काढली होती. पण धूळ होती, आणि त्या धुळीतून मला तिची बोटं आणि पोतं यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसली. दिसली असं वाटलं. चेंडू माझ्याकडे आला. रेहानानं हात पुढे केला. मी दिला नाही.

काल याच मुलीनं माझी बादली काठोकाठ भरली होती. पण बोल असंही तिनंच सांगितलं होतं. मी वाकले. कालच्या तिच्या बोलण्यानंतर मला आता त्या पोत्याच्या कडेला टाचही टेकववेना, म्हणून चेंडू धरलेला हात त्यावर टेकवला. "सर, अपील," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखूच आला नाही, इतका मोठा आला. "नऊ नंबर! दुसरा बेस! शिवला न्हाई!"

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. कदम सरांनीही पाहिलं. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि परत बसलं. मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ. बोटं लागली."

धाव कायम राहिली. आमच्या डावात पुन्हा धाव झाली नाही, आम्ही हरलो. लातूरचा संघ औरंगाबादला जाणार, आम्ही मुदखेडला. मला रडायला यायला हवं होतं, वसतिगृह गेलं, सगळं गेलं. आणि थोडं रडलेही, रेहानाच्या गळ्यात पडून. पण त्या रडण्याखाली एक विचित्र आनंद होता. मी बोलले होते. एका मोठ्या माणसाला सगळ्यांच्या देखत बोलले होते आणि त्यानं ऐकून घेऊन मला उत्तर दिलं होतं. नाही असं उत्तर दिलं होतं, तरी आभाळ काही कोसळलं नव्हतं. एस.टी.त शिंदे बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "दुसऱ्या बेसला तूच."

घरी पोचले तर वस्तीत दोन दिवस टँकर फिरकला नव्हता. बाया दारात बसून कुणाकुणाला शिव्या देत होत्या. ज्या गावानं, ज्या गल्लीनं ओरडून मागितलं तिथे टँकर आधी जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत. मी आईला घेऊन कचेरीत गेले. साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "सर, अपील." साहेब हसायला लागले, म्हणाले, "अपिलाला कोर्टात जा." मग मी कोण आणि कुठं ते नीट सांगितलं. रेल्वेलाईनच्या पलीकडची वस्ती, लिंबाखालची टाकी, दोन दिवस टँकर आला न्हाई. त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. आईनं त्या दिवसापासून मला घरात 'वकील' म्हणायला सुरुवात केली, ती शेवटपर्यंत.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. लातूरचं नाव यादीत चढलं, त्यांचा संघ वेगळा, आमचा वेगळा. मी राज्यावर खेळले, शिकले, खेळाची शिक्षिका झाले, पंच झाले. मंगल आदल्या, दुष्काळाच्या सालच्या संघातूनच राज्यावर गेली होती आणि पुढे खेळाडू म्हणून पोलिसात लागली. आम्ही अधूनमधून भेटत आलो, लग्नाकार्यात, कधी बंदोबस्तात. एकमेकींच्या पोरांची नावं, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. फक्त तो दुसरा सामना दोघींच्या बोलण्यात कधी आला नाही. का नाही, याचा मीही फार विचार केला नाही.

यंदा ती स्पर्धा बघायला आली. सुट्टी होती म्हणून साध्या साडीत. मैदानावर माझ्या हाताखालचे नवे पंच काम करत होते आणि मी लिंबाच्या सावलीत बसून त्यांच्या चुका टिपत होते. मंगल शेजारी बसली.

"सुनंदा," ती म्हणाली, "लोकांचे जबाब घेण्यात हयात गेली माजी. माजा जबाब मात्र कुणी घेतला न्हाई."

"दे की मग."

"बोटं लागली नव्हती."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"चांगलं दोन बोटांचं अंतर हुतं," ती मैदानाकडेच बघत म्हणाली. "धुळीत सरांना वाटलं, लागली. त्येंनी सेफ दिलं आन् मी गप बसले. आदल्या दिवशी तुला मोठी शिकवीत हुते, बोल म्हणून. तू बोललीस. मीच न्हाई बोलले. तुज्या गप बसण्यानं तुजंच गेलं, माज्या गप बसण्यानंबी तुजंच. ही नोकरी, पोरांची शिक्षणं, समदं त्या एका धावेवर उभं हाय बग. आता तू पंच हायस. दे मला आउट."

खरं सांगते, ती उजेडाची फट मी पाहिली होती आणि नंतर चाळीसेक वर्षं स्वतःलाच सांगत आले होते, की तुला भास झाला. राग आला. त्या वर्षीचं वसतिगृह आठवलं, रेहाना आठवली, तिचं शिक्षण त्याच वर्षी सुटलं होतं. मंगलकडे पाहिलं तर पोलिसातली ती आडदांड बाई ओठ घट्ट मिटून बसलेली. उत्तराची वाट बघत होती. तिनं काय चुकलं, कुठं चुकलं ते नीट सांगितलं होतं. आता बोलायचं काम माझं होतं.

मैदानावर पिचरनं हात फिरवला. चेंडू सुटला आणि फटक्यात कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला.

"मंगल," मी म्हटलं, "पुढचा चेंडू पडला गं. लई चेंडू पडले. अपीलची वेळ गेली."

"म्हंजे?"

मी उठले, टोपी नीट केली आणि दोन्ही हात आडवे पसरले. "म्हणजे सेफ. धाव कायम. नियमच हाय तो."

सोळाव्या वर्षी ज्या नियमानं मला रडवलं होतं, तोच आज माझ्या कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं. मंगलनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

थोड्या वेळानं जेवणाची सुट्टी झाली. मैदान रिकामं झालं. मंगल उठली, चपला लिंबाखाली काढून ठेवल्या आणि धुळीतून चालत थेट दुसऱ्या बेसपाशी गेली. आता तिथे चांगला रबराचा पांढरा बेस असतो. एकदा हुकलेला बेस इतक्या उशिरा परत जाऊन शिवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण कुणी अपील केलं नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकली, बेसवर हात ठेवला आणि कपाळाला लावला. मी तिच्या मागोमाग गेले होते, या वेळी अगदी जवळून पाहिलं. पाचही बोटं टेकली होती.